अडीच मणांचे हेडमास्तर

लोणावळा,
ता. १४ जुलै १९३६

रखमाजी यास माधवचा सप्रेम नमस्कार.

तीन वर्षांनी पत्र लिहितो आहे आणि तेही कामासाठी. त्याबद्दल आधी रागावून घे, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल.

आमच्या हायस्कुलातले सायन्सचे मास्तर गेल्या महिन्यात मुंबईला एका साबणाच्या कारखान्यात नोकरी धरून निघून गेले. त्यांच्या जागी कोणी मिळेना. हेडमास्तरांनी वेळापत्रक पाहिलं. त्यात त्यांना असं दिसलं की मंगळवारी आणि शुक्रवारी शेवटच्या तासाला मी मोकळा असतो. एवढ्या एका गुणावर त्यांनी मला पदार्थविज्ञान शिकवायला दिलं आहे. मी म्हणालो, "साहेब, मी चोवीस वर्षं संस्कृत शिकवतो आहे." ते म्हणाले, "तिथे सूत्रंच असतात ना? इथेही सूत्रंच आहेत."

पुस्तक इंग्रजी, मुलं मावळातली आणि मास्तर संस्कृतचा. पहिल्या तासाला मी प्रस्तावना वाचली, दुसऱ्या तासाला तीच पुन्हा वाचली. तिसऱ्या तासाला उदाहरण सोडवणं भाग पडलं. ते असं: दहा मण वजनाचा दगड उचलायचा आहे. पहार सहा फुटांची. टेकू दगडापासून एक फुटावर. तर दुसऱ्या टोकाला किती जोर लावावा? मी फळ्यावर सोडवलं, उत्तर आलं पन्नास मण. पुस्तकाच्या मागे उत्तर दिलं आहे दोन मण. मी मुलांना सांगितलं की छापखान्याची चूक आहे. मुलांनी मान डोलावली, पण ती माझ्याकडे न बघता.

तू घाटातल्या बोगद्याच्या कामावर ठेकेदाराकडे अकरा वर्षं दगड उचललेस. तळेगावच्या शाळेत गणितात तू पहिला यायचास आणि मी तुझ्या पाटीवरून उतरवायचो, हे मी विसरलेलो नाही. तेव्हा पुन्हा एकदा पाटी इकडे कर. पन्नास की दोन? आणि का? ही गोष्ट कोणाला बोलू नकोस.

तुझा,
माधव

*

मुक्काम नवलाख उंबरे,
तारीख २१ जुलै

माधवराव मास्तर यांसी रखमाजीचा रामराम.

पत्र पावलं. रागवायला येळ न्हाई, भाताची आवणी चालू हाय. दिसभर चिखलात वाकून कंबर मोडती, म्हणून उत्तराला उशीर झाला.

पन्नास मण जोर लावायचा असंल तर पहार कशाला घ्यायची? दहा मणांचा धोंडा दहा मणांत हातानं उचलंल की कुणी बी. बुकातलं दोन बरोबर हाय. पर बुकावर इस्वास नको म्हणून मी करून बघितलं. आमच्या वरच्या खाचराच्या बांधावर एक धोंडा घरंगळून आलाय. दहा मणांचा असंल, चार-दोन शेर हिकडं तिकडं. शेजारचा सोपान आन मी, दोघांनी पहार लावली. एक फूट हिकडं, पाच फूट तिकडं. दोघं मिळून पहारीवर बसलो, धोंडा उचलला. मंग टेकू चिखलात गेला, धोंडा खाली बसला आन आमी दोघं खाचरात पडलो. तुमची वहिनी सरू बांधावर भाकरी घेऊन उभी व्हती. ती हसली न्हाई, पर तोंडाला पदर लावला. टेकू कशावर ठेवायचा ते बुकात लिवलंय का बघा. लिवलं नसंल तर तुमी लिवा.

आता का ते सांगतो. तुमच्या बाजूची पहार जितक्या पट लांब, तितक्या पट जोर कमी. पाच पट लांब, म्हणून दहाचं दोन. पर धोंडा चार बोटं उचलायचा तर तुमचं टोक ईस बोटं खाली दाबावं लागतं. जोर वाचतो, हात जास्त चालतो. फुकट काय बी मिळत न्हाई. पोरांना एवढं सांगा.

कुणाला बोललो न्हाई. सोपानला ठाऊक हाय, पर त्यो कुणाला बोलत न्हाई. सरूला ठाऊक हाय.

रखमाजी

*

लोणावळा,
ता. २७ जुलै

प्रिय रखमाजी,

जोर वाचतो, हात जास्त चालतो. हे मी फळ्यावर लिहिलं आणि खाली रेघ मारली. मुलांनी वहीत उतरवून घेतलं. एकाने विचारलं, "सर, हे पुस्तकात कुठे आहे?" मी म्हणालो, "हे पुस्तकाच्या मागचं आहे." छापखान्याची माफी मागायची राहून गेली, पण ती मागायला मी कुठे जाणार?

आता दुसरं संकट आहे. पडणाऱ्या वस्तूंचा धडा आला आहे. मी वर्गात सांगून बसलो की जड वस्तू आधी पडते आणि हलकी मागून, कारण हे कोणालाही दिसतं. दुसऱ्या पानावर पुस्तक म्हणतं की दोन्ही बरोबरच पडतात. म्हणजे एक शेराचा धोंडा आणि पाच शेरांचा धोंडा उंचावरून एकदम सोडले तर एकदम खाली. मला हे पटत नाही. मीच करून पाहिलं असतं, पण इथे मला लोक ओळखतात. मास्तर गच्चीवरून धोंडे टाकतात असं झालं तर पालक काय म्हणतील?

सूत्र मात्र मला आवडलं. जितके सेकंद, त्यांचा वर्ग, त्याला सोळाने गुणलं की तितके फूट वस्तू पडलेली असते. मी ते अनुष्टुभात बांधलं आहे:

काळाचा वर्ग घेऊनी सोळांनी गुणिजे तया ।
तितुके फूट तो धोंडा पडतो हे सुनिश्चित ॥

वर्ग एका सुरात म्हणतो. शेजारच्या वर्गातले भूगोलाचे शिक्षक कपाळाला हात लावून बाहेर आले. चोवीस वर्षांत माझ्या तासाला इतका आवाज झालेला नाही. मला बरं वाटलं. पण धोंड्यांचं काय ते लवकर कळव. शुक्रवारी तास आहे.

तुझा,
माधव

*

नवलाख उंबरे,
तारीख ६ ऑगस्ट

माधवराव यांसी रामराम.

तुमचा शुक्रवार गेला आसंल. काय करणार, पाऊस खंडला न्हाई. काल उघडीप मिळाली आन काम केलं.

आमच्या वस्तीमागं जुना उंबर हाय. वरच्या फांदीपासनं जमीन छत्तीस फूट, दोरी सोडून मोजली. माझं बघून सोपान बी चढला. खाली चिखल, मंग धोंडा पडल्याचा आवाज कसा यायचा? कस्तुराबाई चुलतीच्या गोठ्याला एक पत्रा टेकून ठेवला व्हता, त्यो आणला आन खाली पसरला. सोपाननं एक शेराचा धोंडा धरला, म्या पाच शेराचा. सरूनं खालनं "सोडा" म्हणलं. आवाज एकच आला. तीन येळा केलं, तिन्ही येळा एकच. बुक खरं हाय, तुमी खोटं.

उंबराचं पान बी सोडलं. ते लय मागनं आलं, फिरत फिरत. सोपान म्हणाला, हलकं म्हणून. मंग म्या पानाची चुरगळून गोळी केली. वजन तेवढंच, पर गोळी नीट खाली आली. म्हंजी वजनाचा दोष न्हाई, वारा पानाला धरतो. हे पोरांना करून दाखवा. याला झाड लागत न्हाई, टेबलावर उभं ऱ्हायलं तरी हुतंय.

तुमच्या सुनिश्चितानं छत्तीस फुटाला दीड सेकंद लागत्यात. म्या हिशेब केला. पोलीस पाटलाचं घड्याळ मागणार व्हतो, पर कशाला पायजे ते सांगावं लागलं असतं.

मंग सोपान म्हणाला, आता दहा शेराचा टाकू. त्यानं पत्र्याला जरा पोचा आला. बाकी ठीक.

रखमाजी

*

लोणावळा,
ता. १८ ऑगस्ट

प्रिय रखमाजी,

मी वर्गासमोर उभा राहून म्हणालो, "मी तुम्हांला चुकीचं सांगितलं होतं." अशी सवय नसल्याने वाक्य दोनदा म्हणावं लागलं. मग टेबलावर चढलो. एक कागद सोडला, तो तरंगत गेला. त्याच कागदाचा बोळा करून सोडला, तो सरळ पडला. मग एक मुलगी म्हणाली, "सर, पुन्हा." मी पाच वेळा केलं. खाली उतरताना हेडमास्तर दारात उभे दिसले. किती वेळ उभे होते ते माहीत नाही. "चालू द्या," म्हणाले आणि गेले.

येत्या महिन्यात, बावीस सप्टेंबरला, शाळा तपासायला इन्स्पेक्टर येणार आहेत. ते स्वतः सायन्सचे आहेत. हेडमास्तरांची इच्छा आहे की त्यांच्यासमोर मी काहीतरी प्रत्यक्ष करून दाखवावं. नेहमीचंच सरकारी काम, काळजीचं काही नाही. मी कप्प्यांचा धडा निवडला आहे. वर दोन चाकं, खाली दोन चाकं, ओझं चार दोरांवर. पुस्तक म्हणतं, चौथा हिस्सा जोर पुरतो. मी एक मिठाचं पोतं एका हाताने वर ओढून दाखवीन. शरीरयष्टीने मी कसा आहे हे तुला ठाऊक आहे, त्यामुळे परिणाम अधिकच उठून दिसेल.

तुझ्याकडे घाटातल्या कामाच्या जुन्या कप्प्या आहेत असं तू एकदा म्हणाला होतास. दोर आणि कप्प्या पाठवशील का? कशी बांधायची तेही लिही, मला नुसती आकृती येते.

पत्र्याला पोचा आला म्हणजे नक्की काय झालं? तू कमी लिहितोस तेव्हा मला शंका येते.

तुझा,
माधव

*

नवलाख उंबरे,
तारीख २७ ऑगस्ट

माधवराव यांसी रामराम.

पोचा म्हंजी भोक. एक न्हाई, दोन, कारण सोपाननं दुसऱ्यांदा बी टाकला. त्यो पत्रा चुलतीनं गोठ्यावर टाकायला आणलेला व्हता. दुसऱ्या दिशी तिनं टाकला आन पाणी म्हशीच्या पाठीवर. चुलती हातात काठी घेऊन आमच्या दारात आली. म्हणली, "रखमा, पन्नाशीला टेकलास आन झाडावरनं धोंडे टाकतोस?" म्या म्हणलं, "चुलती, जड आन हलकं बरोबर पडतं का ते बघत व्हतो." ती म्हणली, "मंग?" म्या म्हणलं, "बरोबर पडतं." ती म्हणली, "हे मला इचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, आन पत्रा वाचला असता." आता नवा पत्रा घालीस्तवर तिची म्हस आमच्या पडवीत हाय. सरू माझ्याशी कामापुरतं बोलती. पडवी धुण्यात पत्राला उशीर झाला.

कप्प्या आन दोर पाठवतो. आमच्या गावचा हौशीराम लोणावळा ठेशनात हमाल हाय, त्यो घेऊन येईल. नीट वाचा.

चाकांना तेल घाला. बुकात पंचवीस शेर आलं तर तुमी तीस-पस्तीस धरा. चाक घासतं, दोर बी वाकायला कुरकुरतो, त्येचा जोर बुकवाले धरत न्हाईत.

दोर कोरडा ठेवा. भिजला की फुगतो आन चाकाच्या खाचंत अडकतो. मंग वर बी जात न्हाई, खाली बी येत न्हाई.

तुळई बघा. जेवढं ओझं त्यापरास तुळई मजबूत पायजे, नुसती बरोबरीची चालत न्हाई. का ते इचारू नका, मला ठाऊक न्हाई. घाटात तसं सांगत व्हते.

दोराची मोकळी बाजू कधी सोडू नका. खांबाला एक येढा घाला.

आन माणूस उचलू नका.

रखमाजी

*

लोणावळा,
ता. २३ सप्टेंबर

प्रिय रखमाजी,

काल तपासणी झाली. एकंदरीत समाधानकारक. कप्प्यांचा प्रयोग दाखवला. इन्स्पेक्टरांनी मुलांना प्रश्न विचारले, मुलांनी उत्तरं दिली. मध्ये थोडा वेळ गेला, पण तो विशेष नाही.

कप्प्या आणि दोर हौशीरामाबरोबर परत पाठवत आहे. दोर एके ठिकाणी कापावा लागला, त्याबद्दल दिलगीर आहे.

वहिनींना नमस्कार. म्हैस गेली का?

माधव

*

नवलाख उंबरे,
तारीख ३० सप्टेंबर

माधवराव यांसी रामराम.

म्हस गेली. पत्रा घातला.

हौशीराम सुट्टीवर आलाय. दोर दिला. म्या म्हणलं, "कापला कशानं?" त्यो म्हणाला, "कोयत्यानं. हेडमास्तर उतरल्यावर." म्या म्हणलं, "कुटनं उतरल्यावर?" त्यो म्हणाला, "वरनं." मंग त्यानं समदं सांगितलं. ठेशनात समद्या हमालांना ठाऊक हाय. त्यांच्यातला एक शाळंच्या खिडकीत उभा व्हता.

तुमी कमी लिवता तवा मला बी शंका येती.

झालं ते नीट लिवा. हौशीराम म्हणतो दोन तास टांगलं व्हतं. सोपान म्हणतो असं हुणार न्हाई. सरू म्हणती, मास्तरांना लिव, हसणार न्हाई म्हणून. मी हसणार न्हाई. तिचं मी सांगत न्हाई.

रखमाजी

*

लोणावळा,
ता. ५ ऑक्टोबर

प्रिय रखमाजी,

दोन तास नाही. पस्तीस मिनिटं. इन्स्पेक्टरांच्या खिशातल्या घड्याळावर मोजलेली.

सगळं सांगतो. आधी जे लपवलं ते. जुलैतच हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावून सांगितलं होतं की तपासणीत सायन्सचा वर्ग नापास झाला तर सायन्सला वेगळा माणूस आणावा लागेल, आणि मग पगार दोघांना पुरणार नाही. म्हणजे जाणार मी. नेहमीचं सरकारी काम असं तुला लिहिलं, कारण खरं लिहिलं असतं तर तू भात सोडून इकडे आला असतास.

त्या दिवशी मी पोतं बांधून तयार होतो. तुळई सुताराकडून तपासून घेतली होती. इन्स्पेक्टर बारीक अंगाचे, मऊ बोलणारे. त्यांनी पोतं बोटाने ढकलून पाहिलं आणि म्हणाले, "हे तर कोणीही ओढील. याहून जड काही नाही का, ज्याचं वजन नक्की माहीत आहे?" त्यावर सबंध वर्गाने हेडमास्तरांकडे पाहिलं. मी शपथेवर सांगतो, मी पाहिलं नाही. हेडमास्तर आदल्याच आठवड्यात स्टेशनच्या मालकाट्यावर उभे राहून आले होते आणि अडीच मण भरले हे त्यांनी स्वतः शिक्षकांच्या खोलीत सांगितलं होतं. ते पुढे आले आणि म्हणाले, "मी बसतो."

माणूस उचलू नका, हे तुझं वाक्य मला त्या क्षणी आठवलं. पण एका बाजूला इन्स्पेक्टर आणि दुसऱ्या बाजूला हेडमास्तर, माझ्याच्याने बोलवलं नाही.

खुर्ची दोरांना बांधली. ते बसले. मी वर्गाला विचारलं, "अडीच मण म्हणजे किती शेर?" "शंभर." "चार दोरांवर?" "पंचवीस शेर." "आणि चाकं घासतात ते धरून?" "तीस-पस्तीस." इन्स्पेक्टरांनी मान वर केली. "हे पुस्तकात नाही," म्हणाले. मी ओढलं. रखमाजी, मी, ज्याला घरी भरलेली घागर उचलवत नाही, त्या मी हेडमास्तरांना चार फूट उचललं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. हेडमास्तर वरून हसले. त्यांना हसताना मी प्रथमच पाहिलं.

मग उतरवायला गेलो आणि दोर सरकेना. दोर कोरडा ठेवा असं तू लिहिलं होतंस. लोणावळ्यात सप्टेंबरात कोरडं काय असतं? माझी पुस्तकंसुद्धा फुगली आहेत. ओढून पाहिलं, सोडून पाहिलं. मी खांबाला वेढा घालून उभा राहिलो आणि हळूच म्हणालो, "साहेब, जरा अडकलं आहे."

इन्स्पेक्टर म्हणाले, "राहू द्या. उदाहरण समोर आहे तर विचारून घेतो." आणि वर्गाकडे वळून, "समजा हा दोर तुटला. हेडमास्तर चार फुटांवर आहेत. जमिनीवर यायला किती वेळ लागेल?"

वर्ग उठून उभा राहिला आणि सगळ्यांनी मिळून अनुष्टुभ म्हटला. मग पहिल्या बाकावरून उत्तर आलं, "अर्धा सेकंद." "कसा?" "अर्ध्याचा वर्ग पाव. पाव गुणिले सोळा, चार." "आणि हेडमास्तरांऐवजी पहिलीतला मुलगा असता तर?" सबंध वर्ग म्हणाला, "अर्धा सेकंदच." वरून हेडमास्तर म्हणाले, "मास्तर, दोर धरला आहे ना?" मी म्हणालो, "धरला आहे, साहेब." असे प्रश्न अर्धा तास चालले. टेकू, पहार, पान, पानाची गोळी, सगळं झालं. एकही उत्तर चुकलं नाही. मला घाम आला होता, पण तो निम्मा दोराचा होता.

शेवटी टेबल आणलं, अडीच फुटांचं. त्यावर दीड फुटाचं स्टूल. मिळून चार फूट. हे उदाहरण मी तोंडी सोडवलं. हेडमास्तर स्टुलावर पाय ठेवून उतरले, कोट झटकला आणि म्हणाले, "पुढचा वर्ग भूगोलाचा." दोर नंतर कोयत्याने कापून खुर्ची सोडवली.

शेरा असा आहे: या शाळेत पदार्थविज्ञान प्रत्यक्षावरून शिकवलं जातं, शिक्षकांना विषयाची उपजत गोडी आहे. इन्स्पेक्टरांनी मला विचारलं, "हे सगळं कुठे शिकलात?" मी म्हणालो, "वाचनातून." तुझं नाव घेतलं नाही. त्यांनी कप्प्यांबद्दल विचारलं, तर "मागवल्या" म्हणालो. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांकडे गेलो आणि सांगितलं की हे सगळं नवलाख उंबऱ्याच्या माझ्या मित्राचं आहे आणि माणूस उचलू नका असंही त्याने बजावलं होतं. ते म्हणाले, "ते गृहस्थ इथे असते तर मी लवकर खाली आलो असतो. त्यांना बोलवा. शनिवारी मुलांना दोन तास द्यायला सांगा."

तेव्हा ये. सतरा तारखेला.

एक वाईट बातमीही आहे. शेरा इतका चांगला पडला की हेडमास्तरांनी मला कायमचं सायन्स दिलं. संस्कृतला पुण्याहून एक तरुण आला आहे. परवा त्याला माझ्या वर्गात काव्य शिकवताना ऐकलं. उच्चार चांगले आहेत. मी दारावरून दोनदा गेलो.

तुझा,
माधव

*

नवलाख उंबरे,
तारीख २४ ऑक्टोबर

माधवराव यांसी रामराम.

शनिवारी येऊन गेलो त्येला आठ दिस झाले. गाडीत बसल्यापासनं लिवायचं ठरवलंय, पर जे लिवायचं त्येच्या आधी एक काम व्हतं. ते काल झालं.

तुमी संस्कृताचं वाईट वाटून घेतलंय, ते मला वर्गात शिरल्याबरोबर दिसलं. हेडमास्तरांनी मला खुर्ची दिली. ती त्या दिशीचीच व्हती का? म्या इचारलं न्हाई. पोरांनी मला सर म्हणलं तवा म्या मागं बघितलं. कप्पी कशी बांधायची, गाठ कशी मारायची, ते हातानं दाखवलं, तवर बरं चाललं. मंग त्या 'पुन्हा'वाल्या मुलीनं इचारलं, "अडीच मण ओझं, आपण ओढतो पंचवीस शेर. मग तुळईवर किती?" म्या म्हणलं, "ओझ्यापरास जास्त." ती म्हणली, "का?" म्या म्हणलं, "ठाऊक न्हाई." मला लाज वाटली.

मंग तुमी उठला. बुक टेबलावर मिटलेलं व्हतं, मी बघत व्हतो. तुमी फळ्यावर तुळई काढली, खाली चार दोर काढलं आन म्हणला, "हे चार दोर ओझं वर धरतात. चौघांचे पंचवीस-पंचवीस, शंभर. तुळई हे शंभर तर धरतेच. पण पाचवा दोर आपल्या हातात आहे. आपण खाली ओढतो. तो पण वरच्या चाकावरून येतो. त्याचे पंचवीस कोण धरणार? तुळईच." आन लिवलं, सव्वाशे. हेडमास्तर दारात व्हते. ते म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी तुळईवर माझ्याशिवाय आणखी पंचवीस शेर होते? कोणाचे?" तुमी म्हणला, "माझे, साहेब. मी ओढत होतो तेवढे." पोरं हसली. मी हसलो न्हाई, आन तुमी घरी इचारलंत की रखमा गप का झालास. त्येचं सांगतो.

घाटात आमच्या टोळीत कोंडाजी व्हता, सोमाटण्याचा. एकोणतीस साली आमी एक चिरा वर घेत व्हतो, वीस मणांचा. चार दोरांची कप्पी. मुकादमानं तुळई बघून सांगितलेलं, बावीस मण धरती, काळजी न्हाई. दोराला सा माणसं, पुढं कोंडाजी. चिरा जमिनीपासनं सुटला आन तुळई मोडली. कोंडाजीचा उजवा हात मनगटापासनं गेला. मुकादम म्हणाला, कोंडाजीनं हिसका दिला, न्हाईतर बावीसची तुळई वीसला मोडती कशी? आमी बी तसंच म्हणलो. म्या बी. कोंडाजी बी म्हणाला, दिला असंल. सात वरसं त्यो तसंच म्हणतोय.

तुमी फळ्यावर सव्वाशे लिवलं तवा म्या मनात वीसचं केलं. वीस मण ओझं, चौथा हिस्सा पाच मण आमी ओढत व्हतो. वीस आन पाच पंचवीस. तुळई बावीसची. कुणी हिसका दिला काय आन न दिला काय, ती मोडणारच व्हती.

काल सोमाटण्याला गेलतो. कोंडाजी अंगणात बसला व्हता, डाव्या हातानं वैरण कापत. म्या काटकीनं मातीत तुळई काढली, चार दोर काढलं, पाचवा काढला. त्यानं तीन येळा परत काढायला लावलं. तिसऱ्या येळंला पाचव्या दोरावर त्यानं आपलं बोट ठेवलं आन म्हणाला, "हितं मी व्हतो." म्या म्हणलं, "व्हय." तो म्हणाला, "मंग मुकादमाला सांग." म्या म्हणलं, "त्यो गेला, चार वरसं झाली." तो म्हणाला, "मंग शालूला सांग. ती अजून म्हणती, तुला घाईच लय."

शालूबाई, त्याची बायको, आत चुलीपाशी व्हती. म्या तिला बाहेर बोलावलं आन चौथ्यांदा काढलं. माधवराव, तुमच्यासारखं मला सांगता येत न्हाई, पर सांगितलं. ती उभी ऱ्हाऊन बघत व्हती. मंग खाली बसली आन म्हणली, "ही तुळई, हा दोर. आन ह्येंनी हिसका दिला न्हाई." म्या म्हणलं, "दिला न्हाई." तिनं कोंडाजीकडं बघितलं. आत गेली. आतनं म्हणली, "रखमाजी भाऊ, भाकरी टाकते. जेवल्याबगर जायाचं न्हाई."

रखमाजी